पोटरीवरचा बांध

शेजाऱ्याचा बांध कोरून आपलं शेत वीतभर रुंद करण्यात फैजपूरच्या शिवारात उखर्डू आबांचा हात धरणारा कोणी नव्हता. शेजारच्या तोतारामशी त्यांचं त्यावरूनच वर्षानुवर्षं वाजायचं.

त्याच आबांना केळीची पानं कापताना पोटरीला विळा लागला. जखम एवढीशी, पण दुसऱ्या दिवशी ताप चढला नि पाय असा ठणकू लागला की आबा बोटसुद्धा लावू देईनात. गावच्या डॉक्टरांनी औषध दिलं, लालीभोवती पेनने रेघ ओढली आणि बजावलं, "लाली रेघेबाहेर गेली तर तडक जळगाव गाठा. स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू असतात. आत शिरले की मांस नासवत सुटतात. पायच काय, जीवही जाईल."

आता आबांना जीव प्यारा नव्हता असं नाही. पण उद्या मळ्यात भरिताची पार्टी होती, आणि कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायचा मान आबांचा. तो सोडून खाटेवर पडायचं? दुपारी लाली रेघ ओलांडून गेली, तेव्हा आबांनी इकडेतिकडे पाहिलं, थुंकी लावून रेघ पुसली आणि बोटभर वर नवी ओढली. सून नूतन येऊन पाहते तो लाली आतच! बिचारी निर्धास्त झाली.

उन्हं कलताना तोताराम समाचाराला आला. भांडण भांडणाच्या जागी. पाय पाहताच त्याचे डोळे बारीक झाले.

"आबा, बांध सरकोला ना भो?"

"कोन म्हनते?"

"मी म्हनतो! सारी जिंदगी तुमचा सरकोलेला बांधच पाह्यतो मी. जुन्याची खून राह्यतेच."

खरंच, खाली पुसट निळी रेघ दिसत होती. आणि नव्या रेघेला टेकून कातडी काळीनिळी पडली होती, वर फोड आला होता.

"या खेपेले तुम्ही नाही कोरत आबा. कोनीतरी तुम्हालेच कोरून राह्यलं."

आबांचं तोंड एवढंसं झालं. पहिल्यांदाच ते मनापासून घाबरले. तोतारामने आपल्या गाडीत घालून त्यांना जळगावला नेलं. तिथे पोटरीचं नासलेलं मांस कापून काढलं. पाय राहिला, आबाही राहिले.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी उरलेल्या लालीभोवती नवी रेघ ओढली आणि पेन खाटेशीच विसरून गेल्या. आबांनी ते उचलून तोतारामच्या हातात दिलं.

"ठेव तुह्याजोळ. माह्या हाताचा भरोसा नाही."

तोतारामने पेन खिशात घातलं.

"अन् शेतातला बांध?"

आबांना एकदम गुंगी चढली. त्यांनी डोळे मिटून घेतले.