अकरा पत्रं

घरात मला लहानपणापासून भडकू म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. रांगेत कुणी मध्ये घुसलं, चहा गार आला, कॉम्प्युटरने एकच प्रश्न दोनदा विचारला, की माझं डोकं फिरतं. दादा म्हणायचा, याला कामाला लावा, पण माणसांपासून लांब. म्हणून मी एका छापखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. बावीस मशिनं आहेत आणि एकालाही उलट बोलता येत नाही.

दादा रसायनांच्या कारखान्यात बॉयलरवर सुपरवायझर होता. सात महिन्यांपूर्वी तो बॉयलर फुटला. दादा आणि त्याच्या हाताखालचा फिटर, दोघंही जागच्या जागी गेले. चौथ्या दिवशी कंपनीने कागद काढला, की सुपरवायझरने वाफेचा व्हॉल्व्ह तपासला नाही, सगळा हलगर्जीपणा त्याचा. फिटरची आई आमच्या दारात येऊन वहिनीला नाही नाही ते बोलून गेली. फिटरचा भाचा माझ्या पुतणीच्याच वर्गात आहे. पंधरा वर्षांची पोर, ती शाळेतून खाली मान घालून घरी यायला लागली.

आणि दादाने तो व्हॉल्व्ह बदला म्हणून मॅनेजरला एक ना दोन, अकरा पत्रं लिहिली होती. प्रत्येकावर पोचल्याची सही घेतली होती, तारीख घेतली होती, प्रत्येक पत्र स्कॅन करून ठेवलं होतं. मूळ कागद ऑफिसच्या कपाटात होते, म्हणजे आता नव्हतेच. स्कॅन लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप कंपनीचा. तो न्यायला कंपनीचा माणूस आला तेव्हा वहिनीने त्याला बाहेरच्या खोलीत पाणी देऊन बसवलं. आत जाऊन तिने नव्या हार्ड डिस्कवर 'पत्रव्यवहार' नावाचं फोल्डर उचलून टाकलं. टीव्ही बिघडला तर जी बाई मुलीला हाक मारते, तिने हे केलं. मला कळलं तेव्हा मी मनातून थक्क झालो आणि तोंडाने म्हणालो, "मला बोलवायचं होतंत ना."

ती डिस्क तिने कपाटात कुलपात ठेवली. आमच्या वकीलबाईंच्या हातातसुद्धा दिली नाही. आधी भाऊजी बघतील, मग देईन, असं तिने त्यांना सांगितलं. अपघाताची सरकारी चौकशी मंगळवारी होती. वकीलबाईंचं म्हणणं होतं, की दादाचं जे काही आहे ते सगळं एका डिस्कवर आणा. कारण दादा दर रविवारी घरी एका जुन्या काळ्या डिस्कवर लॅपटॉपचा बॅकअप घ्यायचा. त्यातही ती पत्रं होती, शिवाय बॉयलरच्या नोंदवहीचे फोटो होते आणि घरचं सगळं होतं. जुनी डिस्क आता लावली की टकटक आवाज करायची. तिच्यातलं सगळं नवीत हलवायचं, एवढंच काम.

रविवारी जेवणं झाल्यावर मी टेबलाशी बसलो. वहिनीने दोन्ही डिस्क आणून ठेवल्या आणि म्हणाली, "भाऊजी, नव्यात मी ते फोल्डर टाकलंय. तेवढं जपा. आधी त्याची अजून एक कॉपी काढता का?"

"वहिनी, मी रोज हेच करतो. तुम्ही आत जा बघू."

ती गेली. मी जुनी डिस्क लावली, 'पत्रव्यवहार'वर टिचकी मारली, आणि चौकट आली, की या फोल्डरसाठी तुम्हाला परवानगी नाही. नोंदवहीलाही तेच आणि फोटोंनाही तेच. कारण साधं आहे. बॅकअप घेताना प्रत्येक फाईलबरोबर ती कुणाच्या खात्याची, हेही लिहिलं जातं. दादाचं खातं कंपनीचं, ते कंपनीने बंद केलेलं. माझ्याच भावाची पत्रं त्याच्याच घरात बसून मला वाचायला परवानगी नव्हती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

यावर उपाय असतो. सगळ्या फाईली स्वतःच्या नावावर करून घ्यायच्या, मग परवानग्या बदलायच्या. मी ते लावून दिलं. तासभर डिस्क टकटकत राहिली. दर दोन मिनिटांनी चौकट यायची, अमुक फाईल बदलता आली नाही, पुढे जाऊ का? जा बाई, जा. शेवटी फोटो उघडले, नोंदवही उघडली. खाली लाल अक्षरांत पंधरा-वीस ओळी राहिल्या होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. एवढं झालंय तर तेही झालं असेल, असं धरून चाललो.

मग मी कॉम्प्युटरला द्यायची छापखान्यातली आमची ठरलेली आज्ञा चालवली. ही नीट समजून घ्या. आमच्याकडे रोज संध्याकाळी सहाला कामाच्या डिस्कची दुसरी डिस्क हुबेहूब करायची असते. पहिलीत जे आहे ते दुसरीत घालायचं, पहिलीत जे नाही ते दुसरीतून पुसायचं. आणि चूक आली तरी थांबायचं नाही, कारण कुणी ना कुणी तरी फाईल उघडी टाकून घरी जातोच, आणि तेवढ्यासाठी सगळं अडलं की सकाळी मालक माझ्या नावाने शंख करतो. ती आज्ञा मीच लिहिली आहे. सहा वर्षं झाली, ती माझ्या पेन ड्राइव्हवर असते. मी ती लावली, जुनी पहिली, नवी दुसरी, आणि पुतणीशी गप्पा मारत बसलो.

तीन तासांनी काम संपलं. मी नवी डिस्क उघडली, 'पत्रव्यवहार' उघडलं. आत काहीच नव्हतं.

जुन्या डिस्कवर त्या एका फोल्डरची परवानगी बदललीच नव्हती. आज्ञेला आत डोकावता आलं नाही, म्हणून तिने ते रिकामं धरलं. जुन्यात काही नाही, मग नव्यात कशाला हवं, म्हणून वहिनीची अकरा पत्रं तिने पुसून टाकली. छापखान्यात हे कधी झालं नाही, कारण तिथे कुठल्या फोल्डरला कुलूप नसतं. चूक आली तर थांबू नकोस असं मीच तिला सांगून ठेवलं होतं, आणि ती थांबली नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तरी म्हटलं, जुन्यात तर आहेत. मी पुन्हा जुन्या डिस्ककडे वळलो आणि फक्त त्या फोल्डरची परवानगी बदलायला घेतली. डिस्क दोनदा जोरात टकटकली, मग एक कर्र असा आवाज आला आणि ती पडद्यावरून गेलीच. वायर बदलली, मशीन बदललं, हात जोडले. मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहायचं नसतं, आधी फक्त वाचून घ्यायचं असतं. हे मी नव्या पोरांना शिकवतो.

पुसलेलं परत काढायची युक्तीही केली. पण पुसल्यावर लगेच त्याच जागेवर तीन तास लग्नाचे, बारशाचे, सहलींचे फोटो ओतले गेले होते. एका पत्राचा वरचा चतकोर तेवढा मिळाला. "माननीय मॅनेजर साहेब यांस" इथपर्यंत होतं, खाली करडा पट्टा.

वहिनी दारात आली. "झालं का?"

मला म्हणायचं होतं, वहिनी, माझ्याकडून घात झाला. आजही शपथेवर सांगतो, तेच म्हणायचं होतं. पण मला आयुष्यात चूक कबूल करायची सवय नाही, ओरडायची आहे. तोंडातून निघालं, "यात काही नाहीये. तुम्ही टाकलं होतंत ना नक्की?"

ती पांढरी पडली. "टाकलं होतं. नंतर उघडूनही पाहिलं. अकरा होती, मी मोजली."

"नुसती नावं दिसतात वहिनी, आतला मजकूर आलेलाच नसतो. डिस्क नीट बंद न करता उपसलीत का?"

ती हळू म्हणाली, "तो माणूस बाहेरून हाका मारत होता. घाईत उपसली असेन."

"मग झालं तर," मी म्हणालो. खापर फोडायला मला डोकं सापडलं होतं. घाईत उपसल्याने मजकूर गेला तरी नावं उरतात, इथे नावंसुद्धा नव्हती. तिला ते कळणार नाही, हे मला ठाऊक होतं. पुतणी टेबलापलीकडे बसून सगळं ऐकत होती.

सोमवारी मी जुनी डिस्क दुरुस्तीच्या दुकानात नेली. त्याने उघडून पाहिली, आतल्या चकतीवर चरा पडलाय म्हणाला, आणि काखा वर केल्या.

मंगळवारी चौकशीला मी वहिनीच्या मागच्या खुर्चीत होतो. आमची भिस्त होती ती नोंदवहीच्या फोटोंवर, पण त्यात व्हॉल्व्ह खराब आहे एवढंच होतं. मॅनेजरला कळवलं होतं, हे कुठेच नव्हतं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "पत्रं लिहिली होती म्हणता, मग ती कुठे आहेत?"

"माझ्याकडून गेली," वहिनी म्हणाली.

कंपनीचा वकील उठला. "म्हणजे तुम्ही स्वतःच पुसलीत?"

तिने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मी काही तरी सांगेन, नेमका शब्द सुचवेन, असं तिला वाटलं असावं. मी खाली फरशीकडे बघत बसलो. ती म्हणाली, "हो. मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही."

कुणीतरी हसलं. तीन आठवड्यांनी निकाल आला. दोन मृत्यूंना जबाबदार मृत सुपरवायझर, कळवल्याचा पुरावा नाही. त्यावर दादाचं पूर्ण नाव छापलं होतं.

त्यानंतर मी वहिनीकडे रोज जातो. दूध नेतो, दळण नेतो, नळ गळत असेल तर बघतो. लोक म्हणतात, दीर असावा तर असा. ती मला म्हणते, "तुम्हाला उगाच त्रास दिला भाऊजी, तुमचा रविवार फुकट गेला." मला तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटतं, आणि मी चहा मागतो.

परवा वहिनी आत कपडे धूत होती. पुतणी माझ्यासमोर येऊन बसली. त्या रविवारपासून ती बोलतेच कमी, आणि डोळे अगदी दादासारखे.

"काका, तुला यातलं कळतं. खरं सांग. बाबांची पत्रं आईकडूनच गेली ना?"

मी दादाच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "हो. पण तू तिला काही बोलू नकोस."

"मी तिच्याशी बोलतच नाही," ती म्हणाली.