दुपारपाळीचं झाड

सकाळचं ऊन त्या घरात कधीच घाईने येत नसे. आधी ते समोरच्या पाण्याच्या टाकीवर रेंगाळे, मग वाळत घातलेल्या चादरीतून गाळल्यासारखं मंद होऊन कठड्यावर उतरे, आणि शेवटी, नवख्या पाहुण्यासारखं अंग चोरत, कुंडीतल्या झाडापाशी येऊन थांबे. छापखान्यात मुद्रितं तपासणारा तो तरुण चहाचा कप धरून त्या उजेडात झाड न्याहाळी आणि रोज म्हणे, "आजही नाही."

बिया दिल्या होत्या कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने. काळ्या, सुरकुतलेल्या, मिऱ्यांसारख्या. "नाव सांगणार नाही," ती म्हणाली होती. "नवा चष्मा लावून स्वतःच ओळखा. फूल उमललं की रंग सांगायला या." तेव्हापासून त्याने तो रस्ताच टाकला होता. न उमललेल्या फुलाचा रंग कुठल्या तोंडाने सांगणार?

पेरं फुगीर, शेंड्यांवर मिटलेल्या नळ्यांचे झुबके. पुस्तकं चाळून त्याने झाडाला नावं दिली आणि एकेक करून खोडली.

"काय म्हणतंय लेकरू?" केर काढता काढता वहिनीने विचारलं.

"कळ्या उमलायच्या आतच सुकतात. मुळांना कीड असावी. उपटून पाहतो."

"खबरदार, भावोजी! कळ्या कसल्या, कालची फुलं आहेत ती. गुलबक्षी आहे! तुम्ही दुपारी कामावर गेलात की ती कामाला लागते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि सोमवारी सुटी असते ना? ऊन कललं रे कललं की चपला घालून पसार!" वहिनीने केरसुणी टेकवली. "आज सोमवारच आहे."

त्या संध्याकाळी तो घरीच थांबला. ऊन भिंतीवरून निसटलं, तशा नळ्या सैलावल्या आणि कुणी हाक मारल्यासारखी फुलं उघडली. थेट राणी रंगाची. पाहण्यासारखं आणखी काही उरलं नाही, तेव्हा तो निघाला.

दुकानात ती काचा पुसत होती.

"उमललं?"

"गुलबक्षी. राणी रंग."

"एवढा उशीर? माझी तर केव्हाच फुलली. खत कमी पडलं असेल."

त्याने चष्मा काढला. तिचा चेहरा पुसट झाला आणि बोलणं सोपं झालं.

"खताचं काही नाही. महिनाभर फुलतेय. रात्री परतलो की वास यायचा. मी दिवा लावून पाहिलं नाही. मला इथे यायची भीती वाटत होती."