गटाची गुलाबी साडी

कोंढ्याच्या आठवडी बाजारातून पंचफुलाची मासळीची टोपली भरलेलीच परत आली. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एकदा ताप आला तेव्हा टोपली भरलेली राहिली होती, पण ती घरून निघालीच नव्हती, त्यामुळे ते धरायचं की नाही यावर तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, गोमाजीचं, अजून एकमत नाही.

कारण म्हणजे पवनीच्या कॉलेजातले अतुल सर. महिन्यापूर्वी ते गावच्या तळ्यातल्या चार मासळ्या बाटलीत घालून घेऊन गेले आणि परत येऊन म्हणाले, मासळीच्या पोटात कपड्याचे धागे आहेत, प्लास्टिकचे. सरांनी ते गावात सांगितलं, गावानं मोबाईलवर टाकलं आणि मोबाईलनं ते पार कोंढ्याला पोचवलं.

"तुही मासळी धाग्याची हाय म्हंते वं," रोजचं गिऱ्हाईक असलेली चंद्रभागाबाई लांबूनच बोलली.

"मासळी हाय का गोधडी?" पंचफुला म्हणाली. पण चंद्रभागाबाई पुढं निघून गेली होती.

नुसत्या धंद्याचं असतं तर पंचफुलानं दोन बाजार शिव्या देऊन काढले असते. पण घरी लेक होती, गुड्डी, बाळंतपणाला आलेली. लेकरू अकरा दिवसांचं. ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या, घरात बाळंतिणीला दूध यावं म्हणून रोज दुपारी बारीक मासळीचं कालवण असतं, आणि ते याच तळ्यातल्या मासळीचं. आता या मासळीला नाव ठेवणं म्हणजे सरळ गुड्डीच्या ताटाला नाव ठेवणं झालं. हे काही पंचफुला ऐकून घेणार नव्हती. मासळी साफ आहे असं सरांकडून कागदावर लिहून आणायचं, वर शिक्का, आणि तो कागद बाजारात टोपलीला टाचायचा, असं तिनं ठरवलं.

"सरासंग भांडू नोको," गोमाजी म्हणाला.

"मी कायले भांडू? मी समजावून सांगतो."

समजावून सांगायला जाताना ती बचत गटाची साडी नेसली. बँकेत, पंचायत समितीत किंवा कुठंही भांडायला जाताना गटाच्या चौतीसही बाया तीच साडी नेसायच्या. साडी अशी गुलाबी, की ती गेटातून दिसली की साहेब लोकांना बाहेर चहाला जायची आठवण व्हायची.

शिकलेल्या माणसाला घाण मासळी कशी द्यायची? तिनं पहाटे उठून पाच मासळ्यांची खवलं काढली, पोटं काढली, तीन पाण्यांनी धुतल्या आणि बसनं पवनी गाठली. सरांनी डबा उघडला.

"यांची पोटं कुठं आहेत?"

"फेकली."

"मला पोटंच पाहिजे होती."

"बाप्पा! पोट कोनी खाते का सर? आमच्याकडं मांजर खाते."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग तिला एक स्वच्छ स्टीलचा डबा दिला, मासळी धुवायला वेगळ्या पाण्याची बाटली दिली, आणि न कापता, न चिरता, लहान-मोठी सगळी घेऊन या म्हणून सांगितलं. ती सोमवारी घेऊन गेली. पोट औषधात विरघळायला दोन दिवस लागतात, गुरुवारी या, असं सर म्हणाले. पोट चुलीवर दोन तासांत भाजीसकट विरघळतं हे तिला घरबसल्या माहीत होतं. पण गोमाजीनं भांडू नको म्हटलं होतं.

गुरुवारी सर पांढरा सुती कोट घालून यंत्रावर वाकले होते. "दारापाशीच थांबा, आपल्या कपड्यांचे धागे उडतात," ते वर न बघता म्हणाले. मग थोडं बाजूला होऊन त्यांनी तिला डोळा लावायला सांगितलं.

तिला दिसला एक गुलाबी केस. शेजारी दुसरा. खाली गोळा झालेले सात-आठ.

"हे काय हाय?"

"धागे," पुन्हा यंत्रावर वाकून सर सांगू लागले. आजकालची साडी, ब्लँकेट, टी-शर्ट सगळं प्लास्टिकच्या धाग्याचं. एकदा धुतलं की त्यातून डोळ्यांना न दिसणारे हजारो तुकडे सुटतात, पाण्यात जातात, कुजत नाहीत. मासळी त्यांना चारा समजते. "बाकी सहा गावांच्या तळ्यांत मला निळे सापडले, काळे सापडले. गुलाबी फक्त तुमच्याकडं. महिनाभर डोकं खाजवतोय मी. तुमच्या गावात एवढं गुलाबी आहे तरी काय?"

पंचफुला यंत्रापासून चार हातांवर, डोक्यापासून टाचेपर्यंत गुलाबी उभी होती. सरांची नजर काही यंत्रावरून हटेना.

साडी तिनंच निवडली होती. बाकीच्या बाया सुती घेऊ म्हणत होत्या; सुती चुरगळते, इस्त्री कोण करेल, असं म्हणून तिनं सगळ्यांना गप्प केलं होतं. बाईमागे दोन साड्या. बैठकीच्या आदल्या दिवशी घाटावर चौतीस बाया एका रांगेत बसायच्या आणि दगडावर मोगरीनं सडकून धुवायच्या. सहा वर्षं झाली. बाकी गावांच्या साड्या विटल्या, यांची तशीच होती, याचा पंचफुलाला अभिमान होता.

आपण सांगितलं नाही तर सर रिटायर होईपर्यंत त्यांना काही कळणार नाही हे तिला दिसत होतं. मग तिनं विचारलं, "सर, मोठ्या मासळीचं पोट तं आपन काढून टाकतो. बारीक मासळीचं?"

"बारीक मासळीचं पोट काढता का तुम्ही?"

"कसं काढाव? बोटाएवढी रायते. तशीच शिजवतो."

"मग ते सगळं ताटात येतं."

"बाळंतीन खात असंल तं?"

"माणसाला किती बाधतं ते अजून नक्की कळलेलं नाही. अभ्यास चालू आहे."

अठरा दिवस. रोज दुपारी स्वतःच्या हातानं वाढलं होतं, आणखी घे, आणखी घे म्हणत. तिला गुड्डीची दया आली, आणि स्वतःचा असा राग आला की कानशिलं तापली.

"सर," ती म्हणाली, "वर पाहा."

सरांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अशा किती आहेत?"

"अडुसष्ट."

सरांनी वही ओढली आणि पेन उघडून थांबले. "हे लिहिलं तर गटाचं नाव येईल. बाजारात परत बोंब होईल. नाव न घालता लिहू का?"

"लिवा नावासकट. मीच निवडली म्हून बी लिवा."

ते लिहीत होते तोवर ती डोकं चालवत होती. घाटावर धुवायचं बंद करता येईल. पण घरी मोरीत धुतलं तरी मोरी नालीत जाते आणि गावच्या सगळ्या नाल्या तळ्यातच उतरतात. साड्या पेटीत घालून ठेवता येतील, नव्या सुती घेता येतील. पण जे आधीच पाण्यात गेलं, त्याचं काय? पाण्यातलं काढणं हाच तर तिच्या घराण्याचा धंदा होता.

"सर, आमच्यापाशी सगळ्या छेदाची जाळी हायेत. झिंग्याचं बी हाय, मच्छरदानीसारखं. हे कोनत्या जाळ्यात येईन?"

"कोणत्याच नाही, बाई," सर म्हणाले.

तिनं सरांनी लिहिलेला कागद घेतला. शिक्का होता. बस मिळाली, ती घरी आली. दुपार टळून गेली होती, गुड्डी लेकराला मांडीवर घेऊन जेवायची वाट पाहत होती. पंचफुलानं तिच्या ताटात भात वाढला आणि वरण वाढलं.

"मासळी नाई का आज?"

"तळं बंद हाय," पंचफुला म्हणाली.

"तळं कदी बंद रायते का वं माय?" गुड्डी हसली, आणि लेकराला पदराखाली घेतलं.