लागू पडलं

"औषध जितकं कमी, तितकी त्याची ताकद जास्त!" हदगावच्या बसस्थानकामागच्या आपल्या दवाखान्यात डॉक्टर वसंतरावांनी टेबलावर मूठ आपटली. "हे जगाला कळेल तेव्हा मोठमोठी इस्पितळं ओस पडतील."

मग त्यांनी बायकोनं आणलेल्या चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर कमी पडली."

"मग जास्त गोड लागायला पाहिजे की," गोदावरीबाई म्हणाल्या आणि लंगडत आत गेल्या.

समोरचा रोगी मारोती खोकता खोकता हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी जन्मभर सांगितलेली गोष्ट पुन्हा सुरू केली. दोनशे वर्षांमागं जर्मनीत होमिओपॅथीचे जनक हानेमानसाहेबांनी धडधाकट असताना हिवतापावरची सिंकोनाची साल खाल्ली. हिवतापासारखी थंडी वाजली. तेव्हा त्यांना उमगलं, जे दुखणं आणतं तेच दुखणं घालवतं.

"थंडी त्यांना वाजली, अन् गोळ्या आमाला?" मारोती म्हणाला.

भिंतीवर टक्कल पडलेल्या साहेबांचा फोटो होता. गावाला हानेमान हे नाव 'हनुमान' असंच ऐकू आलेलं. शनिवारी फोटोला रुईची माळ पडे. शनिवारी रोगीही दुप्पट येत, म्हणून डॉक्टरांनी उच्चार कधी दुरुस्त केला नाही.

"पर साब, मागच्या गोळ्यांनी खोकला लई वाढला."

"वाढला? शाब्बास! औषध लागू पडलं. आधी वाढतं, मग उतरतं."

या शास्त्राची सोय मोठी. रोग उतरला तर औषध लागू पडलं. वाढला तरी लागू पडलं. आहे तसाच राहिला तर रोग्यानं चोरून कांदा खाल्ला.

"अन् माणूसच गेला तर?" मारोतीनं विचारलं.

डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

गोदावरीबाईंना शुगर होती, आणि डाव्या अंगठ्याला चप्पल चावली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. अंगठा सुजला, लागू पडलं. काळा पडला, फारच छान लागू पडलं. वास सुटला तेव्हा त्यांनी औषध आणखी पातळ, म्हणजे आणखी जहाल केलं. गोदावरीबाईंनी दवाखान्यात चहा आणणं बंद केलं. रोग्यांना वास यायला नको.

नांदेडला शिक्षिका असलेली मुलगी, मनस्विनी, रविवारी आली. तिनं पाय पाहिला आणि भिंतीला टेकली.

"बाबा, काय करून राहिलात? आईचा पाय सडून राहिला!"

"घाई नको. लागू पडून राहिलंय."

"आई, तू तरी बोलायचंस गं!"

"डॉक्टरची बायकोच दुसरीकडं गेली, तर ह्यांच्याकडं कोण येईल?" गोदावरीबाई म्हणाल्या.

मनस्विनीनं गाडी बोलावली.

नांदेडला पाय गुडघ्याखाली काढावा लागला. डॉक्टर हदगावहून भेटायला आले ते आपला दवाखाना सुटल्यावर, सावकाश. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. डाव्या बाजूला चादर सपाट होती. ते उजव्या बाजूला सरकले.

"थोडं थांबला असतात तर उतरलंच असतं," ते म्हणाले. "ह्या लोकांना कापायचीच घाई."

मनस्विनी उठून बाहेर गेली. गोदावरीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"असू द्या. तुम्हीच म्हणता ना, जितकं कमी तितकी ताकद जास्त."

डॉक्टरांनी खिसे चाचपले. एक कुपी निघाली, ती उशाशी ठेवली. "दिवसातून तीनदा. कांदा, कॉफी बंद."

"बरं. अन् अहो, पुढच्या खेपेला येताना माझी चप्पल आणा," गोदावरीबाई म्हणाल्या. "एकच. उजवी."