दोन खुणा

वडील गेले आणि त्यांची जुनी जीप तिच्याकडे आली, ती खोकतच. चढ लागला की सायलेन्सरमधून असा बार उडायचा, की गल्लीतली कुत्री शेपूट घालून पळायची. ती स्वतः मेकॅनिक, आणि घरची गाडी अशी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी टायमिंग लाइट लावला, तेव्हा कळलं की ठिणगी उशिरा पडतेय. ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर जागचा सरकला होता. त्याच्या बोल्टचे कोपरे पाना लावून लावून गुळगुळीत झाले होते. शेजारी छिन्नीच्या दोन खुणा होत्या. एक बरोब्बर टायमिंगची, दुसरी उशिराची, गाडीचा जोर मारणारी.

"आई, बाबांनी हा सारखा कशाला फिरवला असेल गं?"

आई हसली. "तू गाडी शिकलीस तेव्हा नुसती वाऱ्यावर स्वार असायचीस. किल्ली मागितलीस की ते आधी ‘जरा पाणी बघतो’ म्हणून बाहेर जायचे."

बाबांच्या हाती घोडा होणारी जीप आपल्या हाती गाढव होते, आपला हातगुणच वाईट, असं तिला वाटायचं. किती शिव्या घातल्या होत्या तिनं त्या गाढवाला! त्यानंच तर तिला दर वेळी धडधाकट घरी आणलं होतं. तिनं बॉनेटवर हात ठेवला, बाबांच्या खांद्यावर ठेवावा तसा.

नवा बोल्ट पहिल्या खुणेवर आवळला. जीप सुरात गुरगुरली.

तेवढ्यात नुकतीच गाडी शिकलेल्या तिच्या लेकीनं हात पुढं केला. "मम्मी, किल्ली दे ना."

"देते की," म्हणत तिनं पाना उचलला. "जरा पाणी बघते."