कोऱ्या पाटीवरचं गणित

पुजारी हागिवारांचं पत्र उन्हाळ्याच्या सुरुवातीला आलं होतं. मी उत्तर दिलं नाही. देवळाच्या मंडपातली एक जुनी लाकडी पाटी पार कोरी पडली आहे, शरदाच्या उत्सवाआधी तिला रंधा मारून वर पांढरा घोडा रंगवायचा आहे. तुम्ही गणिताच्या जुन्या पाट्यांविषयी लिहिता, तर आधी एकदा पाहाल का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी एका लहानशा मासिकात एकच लेख लिहिला होता आणि त्यातलीही एक आकृती चुकली होती. अशा माणसाने काय पाहायचं? मी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं.

ते माझ्या ताईला, कियोनोला, सापडलं.

"तोमोजी, देवळातून विचारतायत आणि तू गप्प?"

"ताई, मला काही दिसलंच नाही तर?"

"तर नाही दिसलं म्हणून सांग! त्यात काय जीव जातोय तुझा?"

गुरुवारी सकाळी तिने मला बसमध्ये बसवलंच.

हागिवारा अंगणात गिंकोच्या झाडाची पिवळी पानं झाडत होते. मी लांबूनच वाकलो आणि कोणीही भाविक जातो तसा पुढे सटकलो. मंडपाला चिठ्ठी लावली होती: सोमवारी सुतारकाम. पाटी खाली काढून खांबाला टेकवून ठेवलेली. राखाडी, उभ्या रेषा पडलेली, अगदी कोरी.

"हं, चला," ताई म्हणाली. "घोडा छान दिसेल."

या खोऱ्यातले शेतकरी, रंगारी, विणकर एके काळी भूमितीचे वेडे होते. अवघड उदाहरण सुटलं की देवाचे आभार म्हणून ते पाटीवर रंगवून टांगायचे. प्रश्न द्यायचा, उत्तर द्यायचं. रीत मात्र द्यायची नाही. ती बघणाऱ्याने शोधायची. मी फळीवरून बोट फिरवलं आणि थांबलो. बोटाला उंचवटा लागला. शाई होती तिथलं लाकूड कमी झिजलं होतं!

"ताई, आरसा! तुझ्या पावडरच्या डबीतला!"

"आता नटायचंय तुला?"

"ऊन पाड याच्यावर. समोरून नको, बाजूने. अगदी आडवं."

आडवं ऊन फळीवरून सरकलं आणि सावल्या उठल्या. एक सरळ रेघ. दुसरी. काटकोन! तिसरी तिरकी रेघ, आणि आत तिन्ही बाजूंना टेकलेलं वर्तुळ. मी फळीपुढे एकदा इकडून, एकदा तिकडून वाकलो.

"हात हलवू नकोस ग!"

"मी नाही हलत, तूच हलतोयस."

एका बाजूवर आठ. दुसरीवर पंधरा, की मला पंधरा हवं होतं म्हणून तसं दिसलं? माझे डोळे मला पूर्वीही फसवून गेले होते. पण इथे डोळ्यांवर विसंबायची गरज नव्हती. आठ आणि पंधरा, तर तिरकी बाजू सतरा. आठ आणि पंधरा मिळून तेवीस, त्यातून तिरकी बाजू, सतरा, गेली की आतल्या वर्तुळाचा व्यास.

"सहा," मी म्हणालो. "वर्तुळाचा व्यास सहा यायला हवा. ताई, खाली डाव्या कोपऱ्यात ऊन ने. तिथे उत्तर असतं."

उजेड सरकला. आधी नुसत्या लाकडाच्या रेषा. मग, हळूहळू, सहा.

मी ओरडलो. देवळात, दिवसाढवळ्या, या वयात. ताईच्या हातून आरसा पडता पडता राहिला. सहाच्या शेजारी नाव होतं: रिसे, निळीच्या रंगाऱ्याची मुलगी, वय तेरा.

"तेरा वर्षांची पोर!" ताई हळूच म्हणाली. मग माझ्या पाठीत धपाटा घातला. "बघतोस काय? पुजारी तिथे उभे आहेत. जा, सांग!"

"तोंडी नको."

"अरे देवा, वीस पावलांवर आहेत ते!"

"तोंडी सांगायला गेलो की मी 'बहुधा' म्हणतो, ताई. आणि 'बहुधा'वर कोणी रंधा थांबवत नाही."

 ताई डबी पिशवीत टाकून बस थांब्याशेजारच्या टपाल कचेरीकडे तरातरा चालू लागली.

तिथल्या उंच मेजावर मी उभ्याउभ्या लिहिलं. पाटी कोरी नाही. तिला रंधा लावू नका. आकृती काढली, आठ, पंधरा आणि सहा मांडले, रिसेचं नाव लिहिलं. 'मला वाटतं' असं एका जागी आलं होतं, ते खोडलं. कागद उलटासुलटा करून पुन्हा वाचायला घेतला, तेव्हा ताईने तो ओढून पाकिटात घातला.

"उद्या पोचेल ना?" मी खिडकीतल्या बाईंना विचारलं.

"तातडीचं आहे ना? उद्या सकाळीच."

त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.