तीनशे तेरावा अभिप्राय

प्रिंटरमधून अर्धवट बाहेर आलेला कागद तिने दोन्ही हातांनी ओढून काढला. शेवटची ओळ वाचण्याआधीच ती तिला ठाऊक होती. तर्कशास्त्र, दुसरे वर्ष, विद्यार्थी सव्वीस, निबंध तीनशे बारा, प्रसिद्ध झालेले अभिप्राय, शून्य.

दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. चार वाजता प्राचार्यांच्या दालनात समिती बसणार होती. अख्ख्या सत्रात सरांनी आपल्या एकाही निबंधावर एक अक्षर लिहिलेले नाही, अशी तक्रार सव्वीसच्या सव्वीस मुलांनी सह्यांनिशी दिली होती. निवृत्तीनंतर सरांना मिळालेली वाढीव मुदत या एका कागदावर टिकणार किंवा तुटणार होती, आणि कागदाच्या तळाशी ‘तंत्रसहाय्यक’ या शब्दापुढे तिची सही हवी होती.

महाविद्यालयातल्या एक्केचाळीस प्राध्यापकांना अध्यापनाचे पोर्टल वापरायला शिकवणे हे तिचे काम. कोणाची प्रश्नपत्रिका पडद्यावर उलटी चढे, कोणाचा आवाज वर्गापर्यंत जाण्याऐवजी स्वतःच्याच कानात घुमे, तर कोणी दर सोमवारी नेमाने पासवर्ड विसरे. म्हणून सगळे तिला ‘पासवर्डताई’ म्हणत. तर्कशास्त्राच्या सरांना सगळे ‘स्वल्पविराम’ म्हणत, अर्थात पाठीमागे. सूचनाफलकावर लावलेली प्राचार्यांची सूचनादेखील लाल पेनने दुरुस्त केल्यावाचून त्यांचे पाऊल पुढे पडत नसे.

तिने सहीसाठी पेनाचे टोपण काढले, आणि पुन्हा लावले. एकही अभिप्राय न देणारा माणूस दर गुरुवारी सकाळी सहा ते नऊ पोर्टलवर बसून करीत काय होता? पोर्टलच्या नोंदवहीत असे बारा गुरुवार होते. तिने सरांच्या खात्याची आतली बाजू उघडली. वर्गातला मजकूर तिला दिसत नसे. आकडे आणि तारखा तेवढ्या दिसत. प्रसिद्ध: शून्य. जतन: तीनशे तेरा.

तिने खुर्ची मागे सारली आणि जिना जवळजवळ धावतच उतरली.

प्राध्यापक कक्षात सर एकटेच होते. कोऱ्या कागदावर त्यांनी आपली बाजू मुद्देसूद मांडायला घेतली होती; तिसऱ्या मुद्द्यापाशी पेन अडले होते.

“या, बाई. फिर्यादी पक्ष का?”

“मी कुणाच्याच पक्षाची नाही, सर. एकच विचारायचंय. मुलांचे निबंध तुम्ही वाचलेत?”

“सव्वीस मुलं, बारा निबंध. तीनशे बारा. एकूण एक वाचला, एकूण एकावर लिहिलं. आणि आता पोरं सह्या करून सांगतात की, सरांनी ढुंकूनही पाहिलं नाही!”

“मग ‘प्रसिद्ध करा’ का दाबलं नाहीत?”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“प्रसिद्ध? एखादी मुलगी अनुमानात घसरली, तर ते मी प्रसिद्ध करू? निकाल प्रसिद्ध होतो, निविदा प्रसिद्ध होते. शिक्षकाचा अभिप्राय ही त्या मुलीची आणि माझ्यातली गोष्ट असते. तो जपायचा असतो. म्हणून मी ‘जतन करा’ दाबलं.”

“सर, ‘प्रसिद्ध करा’ दाबलं तरी तो फक्त त्या मुलीलाच दिसतो. जतन म्हणजे कच्चं. ते कुणालाच दिसत नाही.”

“मग तसं लिहायला काय झालं होतं?”

सरांनी चष्मा उचलला, पण घातला नाही.

“म्हणजे... त्यांनी एकही वाचला नाही?”

“एकही नाही.”

“मला वाटलं, वाचतात आणि तरी पुन्हा त्याच त्या चुका करतात. सहाव्या आठवड्यापासून मी जरा कडक लिहायला लागलो. दहाव्यापासून तर...” ते थांबले. “जाऊ द्या.”

“आत्ता दाबा. चारच्या आत आकडा बदलेल.”

“आणि तारीख?”

“आजची पडेल.”

“चौकशीच्या दिवशी, दुपारी तीन वाजता, एकदम तीनशे बारा अभिप्राय! बाई, समितीत मी असतो तर असल्या पुराव्याच्या चिंध्या केल्या असत्या.”

“आतल्या खऱ्या तारखा मला दिसतात.”

“त्या तुम्ही दाखवाल. मग ते विचारतील, एवढा शिकलेला माणूस साधं बटण का दाबत नाही? काय सांगू? शब्द चुकीचा होता, म्हणून? हसतील मला. बाकीच्या चाळीस जणांनी मुकाट्यानं तेच बटण दाबलंय.” त्यांनी पेन कागदावर आडवे ठेवले. “तरी मी तुम्हाला लेखी कळवलं होतं. प्रशिक्षणाच्या वेळीच. तुमचं उत्तर आलं नाही.”

“मला काहीच मिळालं नाही, सर.”

“मी लिहिलं होतं.”

“सर, नाही मिळालं.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. इतका काटेकोर माणूसही पाणी गळ्याशी आले की थाप मारतो, असे तिच्या मनात आले, आणि ते आपल्या चेहऱ्यावर उमटू नये म्हणून ती दाराकडे वळली. तो शब्द कोणी निवडला होता, हे सरांनी विचारले नव्हते. तिनेही सांगितले नाही.

व्हरांड्यात फोन वाजला. उपप्राचार्या होत्या.

“काय गं, झाला का कागद?”

“मॅडम, अभिप्राय लिहिलेत त्यांनी. बटणाच्या नावावरून जरा घोटाळा—”

“हे बघ, मला एक पान हवंय. आकडा आणि सही. पुराण नको.”

“पण का झालं ते—”

“अगं, पोर्टलमध्येच खोट आहे असं एकदा बाहेर पडलं ना, की आधीच नाकं मुरडणारे उद्या उठून खडू घेऊन फळ्याकडे पळतील. तीन वर्षं कोण राबलं? तू. तुझं कायम नेमणुकीचं पत्र आज सहीच्या फाइलमध्ये घातलंय मी, सगळ्यात वर. डोकं ठिकाणावर ठेव आणि ये.”

फोन बंद झाला. उपप्राचार्यांच्या बोलण्यात द्वेषाचा लवलेशही नव्हता. त्यामुळे त्यांच्यावर रागावण्याची सोयही उरली नव्हती.

आपल्या खोलीत येऊन तिने कागद पुन्हा समोर ओढला. शून्य हा आकडा खरा होता. त्याखाली सही करण्यात खोटे असे काहीच नव्हते, आणि नेमके हेच तिला टोचत होते.

तीन वर्षांपूर्वी पोर्टल आले तेव्हा त्याची भाषा अशी होती की, ती वाचून प्राध्यापक रडावे की हसावे या पेचात पडत. पडद्यावरचे आठशे शब्द तिने दोन आठवड्यांत आपल्या भाषेत आणले. अडेल तो शब्द ती रात्री जेवताना वडिलांना विचारी. ते आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवीत आलेले. लिहिलेले लोकांपुढे ठेवण्याच्या बटणाला काय म्हणावे, असे तिने विचारले, तेव्हा त्यांनी ताटावरून मान वर केली नव्हती. “प्रसिद्ध. त्यात काय विचारायचं?” म्हणाले होते, आणि मग आईला, “बघ, आपली पोर यंत्राला बोलायला शिकवतेय.”

साडेतीन वाजले. तिने सही करायला पेन टेकवले, आणि तिची नजर पडद्यावर गेली. जतन: तीनशे तेरा.

सर तीनशे बारा म्हणाले होते. प्राचार्यांच्या सूचनेतला एक स्वल्पविराम ज्याच्या नजरेतून सुटत नाही, तो माणूस मोजताना एक सोडणार नाही. मग हा एक कुठला?

सरांचे नाव पोर्टलवर दोनच वर्गांत होते. एक तर्कशास्त्राचा. दुसरा तिचाच, यंदापासून अभिप्रायही पोर्टलवरच द्यायचे ठरले तेव्हाच्या प्रशिक्षणाचा. त्या वर्गात अभिप्राय कसा द्यावा याचा सराव म्हणून तिने स्वतःच लिहिलेली पुस्तिका एखाद्या विद्यार्थिनीच्या निबंधासारखी चढवली होती, आणि प्राध्यापकांनी तिच्यावर काहीतरी लिहावे, असे सांगितले होते. चाळीस अभिप्राय आले होते. ‘छान.’ ‘उपयुक्त.’ ‘अक्षर मोठे हवे.’ एकच आला नव्हता. यादीत त्या नावापुढे तिने त्या वेळी फुली मारली होती, जरा जोरानेच.

वर्ग तिचा असल्याने इथला मजकूर तिला उघडता येत होता. तिने तो उघडला.

पंधरा आठवड्यांपूर्वीची तारीख. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. पानांच्या क्रमाने सतरा स्वल्पविराम आणि दोन ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले होते. त्यानंतर लिहिले होते:

‘पृष्ठ १४. ‘प्रसिद्ध करा’ हा शब्द बदलावा, अशी विनंती. अभिप्राय एका व्यक्तीसाठी असतो. जे एकासाठी असते ते प्रसिद्ध होत नाही, पोहोचते. ‘पोहोचवा’ म्हणावे. हा शब्द असाच राहिला, तर एखादा संकोची शिक्षक ते बटण कधीच दाबणार नाही. बाकी पुस्तिका स्वच्छ लिहिली आहे. असे गद्य हल्ली क्वचित वाचायला मिळते. उत्तराची वाट पाहतो.’

खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत: जतन केले.

तिने ते पुन्हा वाचले. मग उगाचच मागे वळून दाराकडे पाहिले. खोलीत कोणी नव्हते. हा मजकूर जगात दोनच माणसांना ठाऊक होता, आणि त्यांतल्या एकाचा समज असा होता की, तो पंधरा आठवड्यांपूर्वीच वाचला गेला, आणि वाचून बाजूला टाकला गेला. सत्र संपल्यामुळे प्रशिक्षणाचा जुना वर्ग पुसून टाकणे हे तिच्या कामांच्या यादीतच होते. एक कळ पुरेशी होती. कोणी विचारलेही नसते.

चारला बारा मिनिटे कमी होती.

तिने शब्दांचा तक्ता उघडला. दोनशे चौदावी ओळ. ‘प्रसिद्ध करा’ एकेक अक्षर मागे घेत पुसले. रिकाम्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला. वडिलांचा ताटावरचा वाकलेला माथा तिला क्षणभर दिसला. मग तिने ‘पोहोचवा’ लिहिले आणि तक्ता मिटला. त्यानंतर नवे पान घेऊन ती न थांबता लिहीत गेली.

दालनात तिघे सदस्य टेबलाच्या एका बाजूला होते, सर दुसऱ्या. उपप्राचार्यांनी हात पुढे केला.

“एक पान म्हटलं होतं मी.”

“तीन आहेत, मॅडम.”

पहिल्यावर शून्य होते, आणि त्याखाली तीनशे बारा खऱ्या तारखा, बारीक अक्षरांत. दुसऱ्यावर सरांचा मजकूर होता. तिसऱ्यावर तिची सही, आणि सहीच्या वर दोन वाक्ये: ‘बटणावरचा शब्द मी निवडला होता. तो बदलावा असे सरांनी मला वेळेवर लिहिले होते. ते मला मिळाले नाही, कारण तेही त्यांनी जतन केले होते.’

उपप्राचार्यांनी ते वाचले. कपाळावर आठी पडली नाही, आवाजही चढला नाही. त्यांनी कोपरापाशी ठेवलेल्या सहीच्या फाइलमधला सर्वांत वरचा कागद हलकेच उचलला, आणि सर्वांत खाली सरकवला. मग तिसरे पान सरांपुढे केले.

सरांनी सवयीने पेन उघडले. तिच्या दोन वाक्यांवरून पेनाचे टोक हवेतच, ओळीच्या वर, सावकाश सरकत गेले, आणि शेवटी पोहोचून थांबले. कागदाला न टेकता त्यांनी ते मिटले.

“पृष्ठ चौदावरचा शब्द बदललाय, सर,” ती म्हणाली.

“तुम्ही बाहेर थांबा,” उपप्राचार्या म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर ती ताठ बसून राहिली. दारामागचे शब्द कळत नव्हते. फक्त सरांचा आवाज कधी चढे, कधी खाली येई, आणि मधून मधून खुर्ची करकरे. एकदा कोणी तरी हसले. कशाला, ते कळले नाही. मग बाहेरून बोलावलेल्या सदस्यांचा जाड आवाज दाराजवळूनच आल्यासारखा स्पष्ट ऐकू आला.

“मग दाखवा की दाबून! आता काय हरकत आहे?”

पुन्हा खुर्ची करकरली, आणि टेबलावरून संगणक सरकवल्याचा आवाज आला.

तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. ‘आपल्यासाठी एक अभिप्राय पोहोचला आहे.’ तिने तो उघडला नाही. सर क्रम मोडणारे नव्हते. ते सर्वांत जुन्यापासूनच सुरू करणार होते.

समोरच्या जिन्याखाली वाचनालय होते, आणि तिथे फोनचा आवाज होऊ देण्यास सक्त मनाई होती. तिथून बारीक टिंग असा एक आवाज आला. ग्रंथपालांचे खाकरणे ऐकू आले. मग दुसरा आवाज. मग थोड्या थोड्या अंतराने, एकामागून एक, घाई न करता, जणू प्रत्येक अभिप्राय पुढे जाण्याआधी कोणी तरी तो पुन्हा एकदा वाचून पाहत होते.